सगळ्या कॉम्प्युटरांवर गेलेला पेपर

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषयही त्यांनीच दिला: "सर, एका इमेजवर तुम्ही अख्खी लॅब उभी केलीत, त्याबद्दल लिहा." निवृत्त होताना माझ्या खांद्यावर शाल घातली तेव्हाही हेच बोलले होते. त्या शालीची मला किळस येते. बायकोने दोनदा बाहेर काढली, मी दोनदा परत खालच्या खणात कोंबली.

तर लिहितो. पनवेलच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर कधीच एका जातीचे नव्हते. काही विकत घेतलेले, काही तळोज्याच्या कारखान्यांनी काढून टाकलेले. एकावर सगळं बसवून त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्यावर टाकली की निळा पडदा. सिस्टिम जुन्या यंत्राचे भाग शोधायची आणि अडून बसायची. म्हणून प्रत काढण्यापूर्वी तिला आपलं यंत्र विसरायला लावायचं आणि सगळ्या प्रकारच्या मशिनांचे ड्रायव्हर, म्हणजे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, तिच्यासोबत द्यायचे. मग ती जिथे जाईल तिथलं बघून हवं ते उचलते. बरेच दिवस खपून मला ते जमलं.

पण ती फक्त यंत्र विसरते. फायली विसरत नाही.

मूळ प्रत कोऱ्या मशिनवरून काढायची असते. मुलांना मी हेच शिकवायचो. पण माझ्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर सगळं आधीच बसवलेलं होतं आणि प्राचार्यांना पाहुण्यांना लॅब दाखवायची घाई होती. मी आळस केला. त्याचीच इमेज काढली. वरवरचं पुसलं, आत एका फोल्डरमध्ये सहामाहीच्या पेपरचा कच्चा मसुदा राहिला. तो लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर गेला.

हे मला पेपर तपासताना कळलं. मसुद्यातल्या एका गणितात मी चुकीचा आकडा टाकला होता. छापायला देताना सुधारला. बऱ्याच मुलांनी उत्तर त्या चुकीच्या आकड्यावरून काढलं होतं. पाठ करून आली होती. तो आकडा माझ्या मसुद्याखेरीज कुठेच नव्हता.

मी गप्प राहिलो, पण इतर परीक्षकांनाही संशय आलाच. प्राचार्यांच्या खोलीत चौकशी बसली. मुलं एवढंच म्हणाली, "लॅबमध्ये मिळाला." लॅबच्या आणि माझ्या केबिनच्या किल्ल्या लॅब अटेंडंट बाईकडे असत. ती गव्हाण गावची, कोळ्याची सून, कंत्राटावर लागलेली.

बटाटेवडे मागवले होते. हेडक्लार्क बोटं चाटत म्हणाले, "घरचा धंदाच विकायचा. बोंबलांच्या टोपलीतून नेला असेल पेपर, वास येईल म्हणून कोण बघतंय!"

सगळे हसले. मीही हसलो. तोंडात वडा असताना हसलो.

"सर, तुमच्या कॉम्प्युटरवरून कोणी परस्पर घेतला असेल का?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्या मशिनला पासवर्ड आहे."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते खोट्यापेक्षा घाणेरडं. मशिन वगळलं की उरले केबिनमधले कागद आणि तिच्याकडची किल्ली.

ती दाराबाहेरच उभी होती, आतलं हसणं ऐकू येईल इतकी जवळ. मला अडवून म्हणाली, "सर, तुमी तरी सांगा ना त्यांना. तुमी नसताना मी केबिनमधी झाडूपण मारत नाय."

"बघतो," मी म्हणालो. बघितलं ते एवढंच, की व्हायरसचं निमित्त करून लॅब बंद ठेवली, कोऱ्या मशिनवर नवी इमेज तयार केली आणि सगळीकडे टाकली. जुनं सगळं पुसलं गेलं. ती इमेज सगळ्या मशिनांवर सुरेख चालली. शाल मिळाली ती त्या इमेजसाठी.

बाईला पुढच्या सत्रात घेतलं नाही. ती मासळीबाजारात बसू लागली. बायको तिच्याकडूनच मासळी घेते. "सरांच्या घरची" म्हणून ती पापलेट निवडून देते, आणि ते मी इतकी वर्षं मिटक्या मारत खाल्लं.

गेल्या महिन्यात बायकोचा गुडघा दुखावला म्हणून मासळी आणायला मी गेलो. स्मरणिकेचा फोन आदल्या दिवशीच आला होता. ती कोलंबी निवडत होती, तिथेच उभ्या उभ्या मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे तुमाला तवाच माहीत व्हतं?"

"हो."

"माझी सासू मरेपर्यंत मला पेपरचोर म्हणत व्हती, सर."

शेजारची कोळीण म्हणाली, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काय नाय. सरांना उशीर झाला."

मी माफी मागू लागलो. तिने ओला हात वर करून थांबवलं. "मला कशाला सांगताय? मी नेला नाय ते मला माहीतच हाय. जे हसले त्यांना सांगा."

मग कोलंबी पिशवीत घालून दिली. मी ती घरी आणली, पण खाल्ली नाही.

हसलेल्यांपैकी प्राचार्य वारले. हेडक्लार्क आता स्मरणिकेच्या समितीवर आहेत. इथवरचा लेख आधी त्यांच्याच हातात गेला. काल त्यांचा फोन आला. "सर, लेख झकास. फक्त ते बाईचं प्रकरण गाळू या. इमेजचं तेवढं ठेवू."

"तुम्ही बोटं चाटत काय म्हणाला होतात, आठवतं?" मी विचारलं.

ते म्हणाले, "जाऊ द्या ना आता."

नाही. छापायचा तर सगळा छापा. नाहीतर प्रकाशनाच्या दिवशी मी तो उभा राहून वाचणार आहे, आणि तिला पहिल्या रांगेत बसायला बोलावलं आहे. येईल असं ती म्हणालेली नाही.