मांडी नाकारणारी आजी

सगळे गाडीत बसले, दारं लागली, की लीलाकाकू उतरायच्या. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आमच्या शेजारचं घर त्यांचं. लग्नाला, बारशाला त्यांच्या मुलाची, प्रवीणदादाची गाडी निघायची. ऐनवेळी कुणी आत्या, कुणी मामा दारात उभे राहायचे आणि सगळ्यांचे हात एकाच गोष्टीकडे वळायचे: लहानग्या ओवीची पट्ट्यांची सीट. "काढा ते खुर्ची, पोट्टीले मांडीवर घ्या!" काकू पदर खोचून खाली उतरत आणि महामार्गावरच्या थांब्याकडे चालू लागत. "माह्या जागी बसवा पाहुण्याले. मी येतो यष्टीनं."

लोकांना हा अपमान वाटे. आजीनं नातीला मांडी नाकारायची? काकू ठणकावत, "मांडी लाडासाठी हाये. ब्रेक लागला का म्हातारीचे हात सुटतेत, पोट्टी जाते काचेत."

मुलांना गाडीत पट्टा लावा, अशी पत्रकं मी वाटते. लोक त्यावर भजी ठेवून खातात. काकूंनी पत्रक ओट्यावर बसून शेवटपर्यंत वाचलं आणि मला हाक मारली. "काय वं पोरी, गावाले अक्कल वाटून राहिली, अन् तुहा भाऊ पोट्ट्याले फटफटीच्या टाकीवर बसवून वरठीले जाऊन राहिला! घरी नाही वाटला का कागद?" मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

सीट घ्यायला त्यांनी मला नागपूरला सोबत नेलं. ओवी तेव्हा तीन वर्षांची, तीही काडीसारखी. दुकानदार बूस्टर पुढे करत होता. बूस्टर म्हणजे नुसती उंच बैठक, वरून गाडीचाच पट्टा. काकूंनी तो गाडीत ठेवायला लावला, ओवीला बसवून पट्टा ओढला. तो थेट गळ्यावर आला. उन्हानं पेंगुळलेली ओवी बाजूला कलंडली.

"पाह्य. झोपली का पट्टा एकीकडं, पोट्टी एकीकडं."

"आई, ती पट्ट्यांची लवकर लहान होईल. बूस्टर मोठेपणीही पुरतो," प्रवीणदादा म्हणाला.

"पुरन ना. आधी तिले मोठी तं होऊ दे. मंग घेऊ तुहा बूस्टर."

खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून पट्टे येणारी सीट घरी आली. गल्लीत हसणारे होतेच. "काकू, वासरू बांधलं का गाडीत?" काकू म्हणत, "हो बाप्पा. तुमचे सोडा मोकाट."

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी काकूंच्या छातीत कळ आली. त्यांना आडवं करायला मागची जागा हवी होती, म्हणून प्रवीणदादानं सीट काढून ओट्यावर टाकली. त्यात काही चूक नव्हतं. पण ओवीची आई, वैशालीवहिनी, तिला मांडीवर घेऊन पुढे बसली.

"वहिनी, ओवीला माझ्याकडे राहू द्या," मी म्हणाले.

"आईले पाहाचं असन तं नातीले?" वहिनी रडत होती.

"आता तुहं पत्रक नको काढू!" प्रवीणदादा ओरडला.

मागे घामानं डबडबलेल्या काकू कोपरावर उठायला बघत होत्या. "थांब रे... मी उतरतो." शेजाऱ्यांनी त्यांना दाबून झोपवलं आणि दार लावलं.

भंडाऱ्याला पोचल्यावर थोड्याच वेळात काकू गेल्या. ओवीला ओरखडाही आला नाही.

तेच नडलं. तेरवीच्या पंगतीत एक पाहुणे सांगत होते, "प्रवीणनं गाडी कशी उडवली त्या दिवशी! पोट्टी मांडीवरच होती. झालं का काही? म्हातारीनं फालतू यष्टीचे धक्के खाल्ले." प्रवीणदादा वाढता वाढता मान डोलवत होता. ज्या एका दिवशी काकूंचं कुणी ऐकलं नाही, तोच दिवस त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा केला. "झालं का काही?" या प्रश्नापुढे माझी सगळी पत्रकं रद्दी. काही होण्याची वाट पाहायची का आम्ही? आणि झाल्यावर कुणाला सांगायचं?

सीट माळ्यावर गेली. परवा प्रवीणदादाची गाडी माझ्याजवळून गेली. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध ओवी उभी होती. मला पाहताच आनंदानं ओरडली,

"ताई, आता मले कोनी बांधत नाही!"