ओल्या कापडाचा रंग

निळ्या आत्याने तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण वाळत घातलेल्या चादरीआडून ऐकलं. तेव्हा ती कुणाची आत्या नव्हती आणि निळीही नव्हती. नुकती शाळा संपलेली, सगळ्या विषयांत सारखीच बरी असलेली मुलगी होती. सगळ्याच विषयांत बरं असणं हा भारी त्रास. माणसाने एखाद्या विषयात तरी पार ढ असावं, म्हणजे तेवढी एक वाट बंद होऊन सुटका होते.

चादरीपलीकडे तिचे वडील रंगाचा हौद ढवळत होते आणि आई कोरडी कापडं घडी करत होती.

"तिला काय शिकायचंय ते तिलाच ठाऊक नाही," वडील म्हणाले, "आणि तू तिला डोंगरापलीकडच्या विद्यापीठात धाडायला निघालीस. विहीर कुठं खणायची ते ठरलं नाही, आणि हिला आधी दोर हवाय!"

"ठाऊक नाही म्हणूनच म्हणते. तिथं पहिल्या वर्षी विषय सांगावा लागत नाही. चार ठिकाणी डोकावेल, मग ठरवेल. इथल्या विद्यापीठात दारातच विषय विचारतात, आणि एकदा सांगितला की तोच गळ्यात."

"मग घालावा गळ्यात! घरी राहील, अर्धा दिवस हाताशी येईल."

"म्हणजे तुम्हाला मुलगी शिकायला नकोय. हौद ढवळायला हवीय."

वडिलांना खोकला आला. खोल, ओला, भांड्यात काहीतरी खदखदावं तसा. तो थांबायची आई वाट पाहत राहिली. मग वडील अगदी हळू म्हणाले, "मला हवीय असं नाही गं. हौदाला कोणीतरी लागतंच."

चादरीआड मुलगी रडली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी विचारलं नसताना, चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मला नाही जायचं तिकडं. मी इथंच बरी आहे."

वडिलांचा चेहरा उजळला. आईने मात्र तिच्याकडे असं पाहिलं, जसं घरातून कुणी कायमचं बाहेर पडताना पाहतात.

अर्धा दिवस शिकायचं आणि अर्धा दिवस रंगवायचं असं ठरलं होतं. पण पुढच्या हिवाळ्यात वडील गेले, आणि दोन्ही अर्धे हौदातच पडले.

आता या हौदाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. निळीचा हौद म्हणजे नुसतं रंगाचं पाणी नव्हे. ते जिवंत असतं. त्याला कोंडा घालावा लागतो, उसाची मळी घालावी लागते, चुन्याचं मान राखावं लागतं, थंडीत बाजूने निखारे ठेवून ऊब द्यावी लागते. वर तांबूस साय धरते, मधूनच बुडबुडा फुटतो, आणि वास असा की नवा माणूस दारातूनच माघारी फिरावा. दोन दिवस दुर्लक्ष झालं की तो रुसतो, आठवडाभर झालं की मरतो. हा हौद आत्याच्या आजोबांनी लावला होता. त्याला सोडून घरातले सगळे मिळून कधी बाहेरगावी गेले नव्हते. लग्नाला गेले तरी एक जण मागे. आजोबा खोकत गेले, वडील खोकत गेले, हौद मात्र कोपऱ्यात बुडबुडे सोडत बसलेला. जेवण झालेल्या म्हाताऱ्यासारखा.

आत्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले ते झालेच. गल्लीतली पोरं तिला निळी आत्या म्हणू लागली, आणि मग मोठी माणसंही. तिने राग धरला नाही. "बरंय," म्हणायची, "हरवले तर ओळख पटवायला सोपी."

कामात मात्र ती पक्की. नाटकगृहाचे पडदे, इस्पितळाच्या चादरी, उन्हाने विटलेले कोट, सगळं तिच्याकडे यायचं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की तिचं एकच उत्तर. "ओल्यात रंग बघू नये." ओलं कापड नेहमी गडद दिसतं, खोटं बोलतं. वाळू द्यावं, उजेडात धरावं, मग हो किंवा नाही म्हणावं. धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळीसुद्धा तिने मुलगी पाहून झाल्यावर त्याला सांगितलं होतं, "आज काही बोलू नकोस. वाळ आधी."

हा भाऊ लांब पल्ल्याची बस चालवायचा. बायको लवकर गेली, म्हणून त्याची लेक आत्याच्या घरात, हौदाच्या वासात वाढली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी, एका खेळात, एका विचारात टिकत नसे. भिंगरी शाळेतून बाहेर पडली ती सगळ्या विषयांत सारखीच बरी होऊन. आणि तिला दोन्हीकडून होकार आला. इथल्या विद्यापीठातून आणि डोंगरापलीकडच्या. दोन्हीकडे पद्धत अजून तीच. इथं दारातच विषय सांगायचा, तिथं वर्षभराने. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

आत्याने हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातला बांबू हौदातच थांबला. जणू आतून कुणी धरला.

"काल रसायनशास्त्र म्हणत होतीस," रविवारी तिने विचारलं.

"काल म्हणत होते."

"परवा इतिहास."

"परवा इतिहासाच्या बाई भेटल्या होत्या."

"मग उद्या कोण भेटणार आहे ते आधी सांग, म्हणजे तुझा विषय मला कळेल."

भाऊ बूट काढता काढता म्हणाला, "नाणं उडवा आणि मोकळ्या व्हा."

"घाटात वळण आलं की तूही नाणंच उडवतोस का रे?"

"मला रस्ता ठरवून दिलेला असतो, ताई. मी फक्त चाक धरतो."

"हं," आत्या म्हणाली. "मीही तेच केलं."

आणि तिला खोकला आला. खोल, ओला. भाऊ बूट हातात धरून तसाच बसला. भिंगरीने पाण्याचा पेला आणला. भावाला आणि आत्याला तो आवाज ओळखीचा होता, आणि भिंगरीला त्या दोघांचे चेहरे वाचता येत होते.

डॉक्टरांनी आत्याला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. छातीत रंगाची भुकटी बसलीय, हे काम सोडा, तरी फार दिवस नाहीत. तिने मान डोलावली होती आणि परत येताना हौदासाठी कोंडा आणला होता. घरी सांगितलं, "हवा बदलली की बरं वाटेल म्हणाले." खोटं असं नव्हतं. ओल्या कापडाइतकंच होतं.

सोमवारी नाटकगृहाचा मोठा पडदा आला. उसवून वेगळे केलेले लांब पट्टे, सगळे एकाच गडद निळ्यात काढायचे, मग कपडेपटाची बाई ते पुन्हा शिवून घेणार. निळीत कापड एकदा बुडवून भागत नाही. बुडवायचं, वर काढायचं, हिरवट पिवळं निघतं ते हवेत निळं होऊ द्यायचं, पुन्हा बुडवायचं. जितक्या बुड्या तितका गडद. आत्या बुड्या मोजत नसे. डोळ्याने ओळखायची.

बुधवारी दुपारी ती थकून बाजेवर आडवी झाली. भिंगरी दांडीवरचे वाळलेले पट्टे उतरवायला गेली आणि थबकली. मधला एक पट्टा फिका होता. थोडाथोडका नाही. सगळे पट्टे संध्याकाळच्या आभाळासारखे, आणि हा एक धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा. पडदा उभा राहिला असता तर मध्यभागी फटीसारखा दिसला असता. आत्याने तो ओला असताना पाहिला होता, झालं म्हणून दांडीवर टाकला होता. निळ्या आत्याने, ओल्यात.

भिंगरी बराच वेळ तो पट्टा हातात धरून उभी राहिली. मागे बाजेवर श्वास खरखरत होता. कोपऱ्यात हौदाने एक बुडबुडा सोडला. मग तिने बाह्या वर केल्या.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी, कुणी विचारलं नसताना, तिने कप खाली ठेवला.

"आत्या, मी इथल्याच विद्यापीठात जाते. रसायनशास्त्र घेईन. रंगालाही उपयोगी पडेल. मी इथंच बरी आहे."

भाऊ म्हणाला, "शाबास! सुटला घोळ."

आत्याचा कप ओठापाशीच राहिला. ते वाक्य तिने याआधी ऐकलं होतं. त्याच खोलीत, त्याच वासात, स्वतःच्याच तोंडून. आणि आपली आई त्या सकाळी कशी पाहत होती ते तिला आज आतून कळलं, कारण आता तसं पाहणारी ती होती. तिने पोरीचे हात शोधले. टेबलाखाली लपवलेले.

"हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

कोपरापर्यंत निळे. आत्या उठली, दांडीपाशी गेली, पट्टे एकेक करून दाराच्या उजेडात धरले. सगळे एकसारखे. तिचे डोळे आताशा निळा आणि काळा यांत गोंधळायचे, पण बोटांना अजून कळत होतं. मधला पट्टा किंचित दमट होता, काल पुन्हा बुडलेला.

"हा मी फिका काढला होता?"

भिंगरीने बाह्या खाली ओढल्या.

"म्हणून विषय ठरला होय? काल दुपारी, माझी चूक निस्तरता निस्तरता?"

"तू एकटी कसं करशील आत्या?" पोरीचा आवाज फुटला. "तुझा खोकला... हौदाला कोणीतरी लागतंच की!"

हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. या घरात ते भिंतींतूनच पाझरायचे. पण ते ऐकून आत्याला मागून कुणी खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं. तिने हौदाकडे पाहिलं. तांबूस साय अगदी स्थिर होती. वाट पाहत असल्यासारखी.

"लागतं खरं," ती म्हणाली. "आजोबा लागले, बाबा लागले, मी लागले. पोट काही भरत नाही मेल्याचं."

आणि ती वाकली. हौदाच्या बाहेरून, तळाशी, पाणी सोडायचा लाकडाचा एक दट्ट्या होता. हौद धुण्यासाठी केलेला, पण कधी कुणी न काढलेला. तिने हातोडी घेतली.

"ताई!" भाऊ ओरडला. "आजोबांचा आहे तो!"

"मग आजोबांना ये म्हणावं ढवळायला."

दट्ट्या सहजासहजी निघाला नाही. निघाला तेव्हा हौदातून असा आवाज आला की भिंगरीने कान झाकले. सगळं पाणी मोरीतून गल्लीत गेलं. नालीत हिरवट, पुढे निळं, कोपऱ्यावर जवळजवळ काळं. शेजारणी दारात येऊन पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या. कुणी विचारलं, "काय झालं हो, कोण गेलं?"

"म्हातारा गेला," आत्या म्हणाली. "जेवून खाऊन गेला. हळहळ नको."

मग हौदाच्या काठावर बसून ती इतकी खोकली की भावाने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. थांबल्यावर तिने भिंगरीला जवळ बोलावलं. पोरगी हुंदके देत होती.

"आता इथं राहून काय करशील? रिकाम्या हौदाला वारा घालशील? ... आज काही सांगू नकोस. रडून घे. वाळलीस की बोल."

शुक्रवारी दुपारी, डोळे कोरडे झाल्यावर, भिंगरी म्हणाली, "तिकडं जाते."

"आणि विषय कोणता?"

"माहीत नाही."

आत्याने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, कापड वळवावं तसं. बराच वेळ पाहिलं.

"मग जा," म्हणाली. "हा रंग खरा आहे."

बापाच्याच बसमधून पोर गेली. खिडकीतून तिने निळा हात हलवला, आणि खाली उभ्या बाईनेही निळाच हात हलवला. बस वळली तरी आत्याचा हात तसाच वर होता. घरी आली तर आत शांत. इतकी वर्षं कोपऱ्यातून येणारा तो बुडबुड्यांचा आवाज नव्हता, आणि त्या शांततेत तिचा स्वतःचा श्वास तिला फार मोठ्याने ऐकू आला. कुणाचं तरी लक्ष आता मोकळं झालं होतं आणि ते तिच्याकडे वळलं होतं, असं काहीसं.

पडदा पोचवायचा राहिला होता. ही तिची शेवटची खेप, हे तिला ठाऊक होतं. पण त्यासाठी तिने वेगळं काही केलं नाही. पट्टे नेहमीसारखे लांबीने घडी घातले, जुन्या चादरीत बांधले, हातगाडीवर ठेवले. चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं, ते विझले की नाही हे उलटा हात धरून पाहिलं. कुलूप लावलं, ओढून पाहिलं. चढावर दोनदा थांबली. लोकांना वाटलं, चाक अडलंय.

नाटकगृहाच्या मागच्या दाराशी कपडेपटाची बाई तोंडात टाचण्या धरून उभी होती.

"आलात? किती उशीर! मला वाटलं, विसरलात." तिने गाठोडं उघडलं, पट्टा वर उचलला. "अगंबाई, काय सुरेख गडद निघालाय!"

"तिथं अंधारात काय बघता? ओलसर असेल अजून एखादा. उजेडात या."

दोघी दारात आल्या. आत्याने एकेक पट्टा उन्हात धरला, दोन बोटांत चोळला, पुढे केला. मधला आला तेव्हा तो जरा जास्त वेळ धरला.

"वाळलाय," ती म्हणाली. "घ्या."

"पुढच्या आठवड्यात पोशाख पाठवू ना?"

आत्याने रिकामी चादर झटकली, चौघडी केली, काखेत घेतली.

"आधी हा टांगा," म्हणाली, आणि गाडी वळवून उताराला लागली.