सखूकाकूंच्या फोनवर न पोचलेलं पाणी

मंडळी, सकाळपासून डोकं चालेना झालंय, म्हणून इथं विचारतो.

आमच्या डिंगोऱ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी मी गावाच्या ग्रुपवर टाकतो. परवा निरोप आला, पाणी एक दिवस आधीच सुटणार. मी लगेच टाकलं, सगळ्यांचे अंगठे आले, मी निवांत झालो.

आज सकाळी शेजारच्या सखूकाकू पाणी धरायला गेल्या, तर शेतात पाणी आणणारी चारी कोरडी; त्यांची पाळी कालच होऊन गेलेली. कांदा तसाच राहिला. तिथनं त्या थेट माझ्या दारात. त्यांच्याकडं बटणांचा फोन आहे.

"काकू, ग्रुपवर टाकलं होतं की."

"तुज्या फोनची कंपनी येगळी, माज्या येगळी. तरी तू बोललेलं मला आईकू येतं. मंग लिवलेलंच का येत न्हाई?"

"त्याला अ‍ॅप लागतं."

"आसं कुनी ठरवलं? ग्रामसभेत तर न्हाई ठरलं."

अ‍ॅपवाल्या कंपनीनं ठरवलं म्हणावं, तर निरोप फक्त ग्रुपवर टाकायचा हे मीच ठरवलेलं. साधा मेसेज त्यांना गेला असता, तो मला सुचलाच नाही.

मग चूक नक्की कुणाची, सांगा राव. काकूंना उत्तर द्यायचंय.

तुम्ही इथं लिहाल ते त्यांना दिसणार नाही, ते मलाच जाऊन सांगावं लागेल.