ताईचं अर्धं राहिलेलं चित्र

माझ्या थोरल्या बहिणीच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच बनवला होता. वाशिमकडच्या मालेगावातल्या ज्या फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला आहे, तिथं संगणकावर डिझाइन करणारी मी एकटीच. मालकांना मी चाचा म्हणते. त्यांना छपाईचं मशीन चालवता येतं, डिझाइन येत नाही. ताई रिठदला, तिच्या सासरी, तापानं गेली. मेडशीच्या आमच्या घरून बाबांचा दुकानात फोन आला की जलदानविधीला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, फ्लेक्स लागेल. चाचा म्हणाले, "बेटी, तू घरी जाय. मी वाशिमवरून करून आनतो." मी उठले नाही. दुसऱ्या कोणी तिच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं असतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तिचा धड एक फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोतून चेहरा कापला, मागं निळं आभाळ टाकलं आणि हाताच्या सवयीनं तिचे गाल उजळ केले, कातडी गुळगुळीत केली. आमच्याकडे सगळ्यांनाच तसं करतात, वाढदिवस असो की मरण. कार्यक्रम झाल्यावर बाबांनी तो फ्लेक्स घरी आणून भिंतीला लावला.

त्याआधीपासून मी चित्रं काढत होते. पगारातून पेन टॅब घेतला होता. पाटीसारखा असतो, त्यावर पेनानं रेघ ओढली की ती लॅपटॉपच्या पडद्यावर उमटते. व्हिडिओ पाहून शिकले. पुस्तकांसाठी चित्रं काढावीत असं मनात होतं, पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं हातात काही नव्हतंच. एकही चित्र पुरं झालं नव्हतं. सुरुवात झकास व्हायची. मग कुठंतरी मान वाकडी दिसायची, मी फोनवर दुसऱ्यांची चित्रं पाहायची आणि माझं मला इतकं पोरकट वाटायचं की फाइल बंद करून नवीन उघडायची. लॅपटॉपमध्ये अशा अर्धवट बायका, झाडं, बैल भरून पडले होते. आपण कलाकार नाही, आपण फ्लेक्सवाली, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याचं वाईट वाटणंही थांबलं होतं.

ताईचं चित्र मात्र मला पुरं करायचंच होतं. तिची मुलगी आमच्याकडेच वाढत होती. आई गेली तेव्हा तिला नीट चालताही येत नव्हतं. भिंतीवरच्या फ्लेक्सला ती 'फोटोवाली आई' म्हणायची आणि उन्हानं त्या फ्लेक्सचा रंग उडत चालला होता. मी पुन्हा पुन्हा सुरुवात केली. साडी व्हायची, केस व्हायचे, चेहऱ्याशी आलं की सगळं संपायचं. एकदा सुटीच्या दिवशी दुपारी मी जिद्दीनं बसून डोळे, नाक, ओठ सगळं काढलं. पहिल्यांदाच वाटलं, झालं. आईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे कोन होय?"

मी भिंतीवरच्या फ्लेक्सकडे पाहिलं. तिलाही मग कळलं. "चांगलं हाये व," ती घाईघाईनं म्हणाली, "मलेच नीट दिसत नाई." तिला चांगलं दिसत होतं. मी लॅपटॉप मिटला आणि त्यानंतर कित्येक महिने पेन हातात घेतलं नाही. दुकानात जायची, फ्लेक्सवरच्या माणसांच्या डोक्यावर फेटे चढवायची, घरी यायची. बसमध्ये खिडकीशी बसून मला एकच वाटायचं, ज्या चेहऱ्याशेजारी मी तिच्या लग्नापर्यंत रोज झोपले तोही जिला आठवत नाही, तिनं चित्राचं नावही काढू नये.

मग भाऊजींचं दुसरं लग्न ठरलं. आईनंच त्यांना मागं लागून तयार केलं होतं, तरी ठरल्यावर दोन दिवस ती जेवली नाही. लग्नानंतर पोरगी रिठदला जाणार होती. होणारी बायको रिसोडची. तिला पहिल्या नवऱ्यानं टाकलं होतं, माझ्याहून थोडी मोठी असेल. लग्नाआधी ती पोरीची ओळख व्हावी म्हणून आमच्याकडे आली. मी तिच्याशी तुटक बोलत होते. पोरगी दाराआड लपली होती. ती बाई भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा फोटो तं पार उडाला. पोरगी येईन तं तिच्या आईचा फोटो घरात पाह्यजे. तू चित्रं काढतं म्हने?"

"काढून पाह्यलं. नाई जमलं," मी म्हटलं.

"काहून?"

"तिच्यासारखं नाई दिसत."

ती माझ्याजवळ खाली बसली. "मंग कशी दिसे ते? मले सांग न. मी तं पाह्यलंच नाई तिले."

ताई गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. घरात सगळ्यांना ती माहीत होती, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं. मी बोलायला लागले. ती माझ्याहून काळी होती. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या, त्याचे खड्डे गालावर होते. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, त्याची तिला लाज. हसू आलं की तोंडावर हात ठेवायची आणि हाताआडून इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं.

"मंग दात काहून नाई काढला?"

"लाजे न ते."

"फोटोत लाजत असन. पोरीसमोर थोडीच लाजे?"

मला एकदम रडू फुटलं, तेही तिच्यासमोर, जिच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी इतके दिवस ताई काढत नव्हतेच. मीच गोरा केलेला तो फ्लेक्स काढत होते.

यानंतर हात सरसर चालला असं कोणी समजू नये. लग्नाला थोडेच दिवस होते. सकाळी दुकानात जाण्याआधी मी बसायची. रंग काळसर केला तर चेहरा मातीसारखा मेला. गालावरचे खड्डे काढले तर डाग पडल्यासारखे दिसले. दात काढला आणि ती भेसूर दिसली. ते पाहून मला माझीच इतकी शिसारी आली की मी सगळा चेहरा पुसून टाकला. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पडद्यावर साडी होती, अंबाडा होता आणि मध्ये काहीच नव्हतं. मी आईला म्हटलं, "नाई होत माह्याच्यानं. सांगून दे त्यायले."

आई शेजारी येऊन बसली. पोरगी तिच्या मांडीवर. मला तिनं पुन्हा काढ असंही म्हटलं नाही, नुसती बसली. तिच्यासमोर नुसतं बसून राहणं मला जमेना, म्हणून मी पेन उचललं. आधी दात काढला आणि मग त्याच्याभोवती तोंड. आई पाहत होती. "खालचा ओठ जाड होता तिचा," ती हळूच म्हणाली. मी जाड केला. "डोये एवढे मोठे नोते, हासली का बारीक होत." मी बारीक केले. मग ती बोलायची थांबली. मी वळून पाहिलं तर तिनं पदर तोंडावर धरला होता आणि पोरगी तिचा पदर ओढून विचारत होती, "आजी, काहून रडतं?"

हसताना तोंडाशी नेलेला तिचा हात अजून नीट झाला नव्हता. बोटं फळीसारखी दिसत होती. मी ती पुसत होते, काढत होते, पुन्हा पुसत होते. तेवढ्यात चाचांचा फोन आला. "बेटी, लाइन हाये तोवर फाइल भेज. गेली तं आज छपाई नाई होनार." हात चुकलेला आहे, असं मी सांगितलं. "हात कोन देखता?" ते म्हणाले. मी देखत होते. आता पाठवलं की ते कायमचं चुकलेलं राहणार, आणि नाही पाठवलं तर तेही इतर बायका-बैलांसारखं आत पडून राहणार. मी डोळे मिटून फाइल पाठवली. आनंद वगैरे काही झाला नाही. मी न्हाणीत जाऊन ओकले.

लग्न बुद्धविहारात साधेपणानं झालं. दुसऱ्या दिवशी पोरगी छापलेलं चित्र घेऊन भाऊजींसोबत गेली. घर असं सुनं झालं की चित्र पुरं केलं हेही मी विसरले.

नंतर एकदा मी रिठदला गेले. चित्र पुढच्या खोलीत लावलं होतं. पोरगी शेजारच्या एका मुलीला दाखवत होती, "हे माही आई, अन् ते सयपाक करून राह्यली ते बी माही आई." मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही, मी ओट्यावर जाऊन बसले. ती बाई चहा घेऊन आली.

"काहून गप हायेस?"

"हात चुकला तिचा," मी म्हटलं. "बोटं पाहा न."

तिनं दारातून वळून पाहिलं, नीट पाहिलं. "व्हय," ती म्हणाली, "बोटं जराशी जाड झाली." आणि माझ्याशेजारी बसून तिनं स्वतःचा चहा बशीत ओतला.