माझा आवाज पुसा

‘‘हा बोलका आहे का?’’ सरांनी जेलरसाहेबांना विचारलं. मी तिथंच उभा होतो, हात पाठीमागं घेऊन. मला विचारलं नाही. बाजारात बैल बघायला आलेला माणूससुद्धा आधी त्याच्या पाठीवर हात फिरवतो.

‘‘शिरूरकडचा आहे,’’ जेलरसाहेब म्हणाले. ‘‘मर्डर, पाण्यावरून. चालेल तुम्हाला.’’

सर पुण्याच्या एका कॉलेजातले. कैद्यांच्या मनाचा अभ्यास करत होते. त्यांनी एक कागद वाचून दाखवला. इच्छा असेल तरच बोल, कधीही थांब, नाव कुठं येणार नाही. ते वाचत होते तेव्हा माझ्या खुर्चीमागं शिपाई उभा होता. सरांना तो दिसत नव्हता असं नाही. आत माणसाला एकच शब्द उरतो. जेवलास? हो साहेब. अंगावर वळ कशाचे, पडलास ना? हो साहेब. जो नाही म्हणतो त्याची भेट लांबते, भटारखान्यातलं काम जातं. माझं काम भटारखान्यातच होतं. बायको कवठे येमाईहून एसटी बदलत बदलत भेटीला यायची. मी हो म्हणालो. सही केली.

आणि बोललो. खोटं कशाला सांगू, बोलताना बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी समोर बसून माझं ऐकलं नव्हतं. जे वकिलाला सांगितलं नव्हतं, बायकोला नव्हतं, ते त्या माणसाला सांगितलं.

ते आता इथंही सांगतो. आमची विहीर सामाईक, माझी आणि चुलतभावाची. तो म्हणत होता तुझी पाळी संपली. मी म्हणत होतो, एवढे वाफे भरू दे. शब्दानं शब्द वाढला. माझ्या हातात फावडं होतं. तो पडला. आणि मी त्याच्याकडं गेलो नाही. वाफा भरून पाणी बांधावरनं चाललं होतं. मी आधी दारं मोडलं, म्हणजे भरल्या वाफ्याचं तोंड बंद करून पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं. मग वळलो. त्याचा हात अजून हलत होता. नंतर थांबला.

हे ऐकताना सर पुढं वाकले. म्हणाले, ‘‘थांब. हे परत सांग. मशीन नीट लागलं नव्हतं.’’

मी परत सांगितलं.

सजा भोगून गावी आलो. वहिनी, म्हणजे त्या चुलतभावाची बायको, माझ्याशी बोलत नव्हती. पण विहिरीचं पाणी तिनं मला तोडलं नव्हतं. तिची पोरगी दौंडला मावशीकडं राहून कॉलेज करते. वहिनीचं भिजवून झालं की ती पोरीला फोन करायची, आणि पोरगी मला. ‘काका, आता मोटार तुमच्याकडं घ्या.’ एका बांधावरचा निरोप दौंडला जाऊन पलीकडच्या बांधावर यायचा. त्या ‘काका’वर मी दिवस काढत होतो.

पोरीच्याच कॉलेजात सर भाषणाला आले. माझं नाव त्यांनी काढून टाकलं होतं, गावाचंही. आवाज तसाच ठेवला. तो त्यांनी स्पीकरवर लावला. म्या आदी दारं मोडलं, मंग त्याच्याकडं गेलो. पोरं माझ्या बोलीला हसली. सर म्हणाले, बघा, किती थंडपणा. पोरगी बाकावर बसली होती. तिला नावाची गरज पडली नाही.

तिचा फोन बंद झाला. आणि एका सकाळी वहिनी स्वतः बांधावर आली.

‘‘भावजी, तुमी पानी वळवाया गेला, तवा ह्ये जित्ते व्हते का?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् हे त्या मास्तराला सांगितलं. मला न्हाई.’’

एवढं बोलून ती गेली. आता तिचा भाऊ येतो आणि मोटारीच्या पेटीला कुलूप लावून जातो.

त्यानंतर सर माझ्या दारात आले. गाडी, बरोबर विद्यार्थी. त्यांच्यादेखत मी ‘तुम्ही’ झालो होतो. सुटल्यानंतरचं आयुष्य हा अभ्यासाचा पुढचा भाग, असं त्यांनी सांगितलं. जमलं तर गेलेल्या भावाच्या बायकोशीही बोलायचंय, घर तेवढं दाखवा. बायकोनं पाणी आणलं. मी तिला तांब्या आत न्यायला सांगितला. आमच्या घरातून वैरीसुद्धा तहानलेला गेलेला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आत नेला.

‘‘म्या बोलनार न्हाई,’’ मी म्हणालो. ‘‘आन् तिकडंबी जायचं न्हाई.’’

सर हसले. ‘‘अहो, तुम्ही स्वतः हो म्हणाला होतात. सही आहे तुमची.’’

‘‘जेलात म्या कुनाला न्हाई म्हनलो व्हतो, सर?’’

विद्यार्थी एकमेकांकडं बघायला लागले. मी सांगितलं, माझा आवाज पुसा. ते म्हणाले, तो आता संशोधनात गेला, निघत नाही. मी परत म्हणालो, पुसा. तेव्हा ‘तुम्ही’ गळून पडलं.

‘‘माणूस मारलास, आणि लाज आवाजाची वाटते तुला?’’

ह्याच वाक्यानं मी वर्षानुवर्षं गप्प बसलो होतो. गुन्हा केलास ना, मग बोलतोस काय? ह्याच्यावरच शिपायानं मारलं, डॉक्टरनं हात न लावता गोळी पुढं सरकवली, आणि सरांनी माझ्या भावाचं मरण मला दोनदा सांगायला लावलं. आपल्याच उंबऱ्यात उभा राहून मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या गुन्ह्याच्या सातबाऱ्यावर ह्या लोकांचं नाव नाही.

‘‘भाऊ माझा व्हता. मारलाबी म्याच. तुमचा त्यो कोन लागत व्हता?’’

सर गाडीत बसले. आमच्या बोळात गाडी वळत नाही. लांबपर्यंत मागं मागं गेले. कुणी हात दाखवला नाही.

हे लिहून मी स्वतःला धुऊन घेत नाही. पाणी वळवणारा हात माझाच. वहिनीनं मला माफ करू नये. ती विचारील तेव्हा, विचारील तितक्यांदा, मी समोर उभा राहून खरं सांगेन. तिच्यापुढं मी मरेपर्यंत गुन्हेगार आहे. सरांपुढं नाही.

सोमवारी पुण्याला जातोय. ज्या कॉलेजनं त्यांना परवानगी दिली, त्याच्या दारात बसणार. माझा आवाज माझ्यादेखत पुसला जाईपर्यंत उठणार नाही. पोलीस बोलावतील. बोलावू देत. आत काय असतं ते मला माहीत आहे.