कमानीतली भेग

जगात घाबरण्याजोगी जी जी गोष्ट आहे, तिला हिचे मामा आधीच घाबरून आलेले असतात. हिचे म्हणजे माझ्या बायकोचे. तरुणपणी नागपूरहून मॉन्ट्रियलला आले, जन्मभर इमारतींची मजबुती तपासली, आणि त्या धंद्यापायी कुठल्याही छतावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला. आमच्या कॉन्डोत जेवायला आले की आधी भिंतीवर टकटक करतात, मगच खुर्ची ओढतात. बर्फ पडला की आमचं कौतुक चाललेलं असतं आणि हे छपरावर साचणारं बर्फाचं ओझं बघत पुटपुटतात, "स्नो लोड पाहा, जावईबापू, स्नो लोड!"

असा माणूस निवृत्तीनंतर रमला कुठे, तर नन्सच्या, बरोक शैलीत नटवलेल्या एका जुन्या चर्चमध्ये! मठ केव्हाच बंद झाला, आता तिथे मैफली होतात. दर रविवारी मामा वऱ्हाडी हेलाच्या फ्रेंचमध्ये ते चर्च लोकांना दाखवतात: पाइनच्या लाकडात कोरलेली वेदी, तिच्यावर नन्सनी स्वतःच्या हातांनी चढवलेला सोन्याचा वर्ख, गुबगुबीत गालांचे देवदूत, आणि ती जाळी, जिच्यामागे बसून नन्स प्रार्थना ऐकत, पण कुणाला दिसत नसत. जाळीपाशी आले की मामांचा आवाज आपोआप खाली येतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांना वेदीवरच्या कमानीत एक भेग वाढताना दिसू लागली. दुसऱ्या कुणालाच दिसेना. तिथल्या व्यवस्थापक बाई हसल्या. मामी मात्र हसल्या नाहीत. "परवा गॅस बंद करायला विसरले हो," मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे. तुम्ही एकदा जाऊन पाहा ना. भेग नसलीच तर..." पुढचं त्यांना बोलवेना. मी मामांना घेऊन चर्च गाठलं.

मामांनी तिथल्या सुताराची मनधरणी करून आपल्याला दिसणाऱ्या भेगेवर काचेची आडवी पट्टी चिकटवून घेतली होती. भेग हलली की काच तडकते, ही त्यांची जुनी रीत. बाईंना विचारून मी शिडी चढलो. मामा खाली शिडी धरून उभे होते.

"खरं सांगजा, जावईबापू. काच धड असली तरी सांगजा."

काच मधोमध तडकली होती.

"फुटली, मामा, फुटली!" मी आनंदाने ओरडलो. पडायला आलेल्या कमानीखाली असा हर्ष कुणाला झाला नसेल. मामांनी डोळे पुसले आणि आधी सगळ्यांना बाहेर काढलं.

त्याच आठवड्यात चर्चला कुलूप लागलं. दुरुस्तीला कित्येक वर्षं लागणार होती. ऐंशी पार केलेले मामा फुटपाथवर उभे राहून बंद दाराकडे बघत होते.

"वाचलं बुवा," ते म्हणाले. मग अगदी हळू, "पण आता मले पाहाले भेटते का, जावईबापू?"

"भेटेल की," मी म्हणालो. इतकं भीतभीत मी आयुष्यात कधी बोललो नसेन.