ताईचं स्थळ आणि माझं ‘पळ’

मी लिहायला बसलो, हा आगाऊपणाच आहे. आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, त्यामुळे मी कॉम्प्युटरवर काहीही केलं तरी घरच्यांना ते भारीच वाटतं.

कॉलेजात प्रोग्राम लिहिला की आधी तो कंपाइल करायचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत आणायचा, मग चालवायचा. दोन्हींच्या कमांड लांबलचक, मला पाठ होईनात. म्हणून मी एक टूल बनवलं. नाव ‘पळ’, इंग्रजीतल्या ‘रन’चं मराठी. कॉम्प्युटरवर कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत ‘पळ’ आणि फाइलचं नाव टाइप केलं, की पुढचं सगळं तेच करणार! प्रोग्राम चुकला की पडद्यावर इंग्रजीचा ढीग पडायचा. तो मला कळायचा नाही. अण्णांचं ओरडणं मात्र लहानपणापासून कळतं. (अण्णा एमआयडीसीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर असतात. त्या खडखडाटात बोलून त्यांची कुजबुजही गल्लीभर ऐकू जाते.) म्हणून त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतलं, ‘‘आरं चुकलंय! नीट बघ की!’’ चूक सुधारेपर्यंत हे थोड्या थोड्या वेळानं वाजत राहील अशी सोयही केली. वर स्पीकर जोडला. हुशारीच ती!

त्या रविवारी ताईला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा अक्कलकोटकडचा, स्वतःचा धंदा. आधीच्या प्रत्येक स्थळाला ताईनं नाक मुरडलेलं. याचा फोटो मात्र तिनं उशीखाली ठेवला होता. मी ‘पळ’ चालवलं, स्पीकर एकदा ओरडला, तेवढ्यात आईही ओरडली, ‘‘आले की रं! पसारा झाक!’’

आमच्याकडे पाहुण्यांसाठी पसारा आवरत नाहीत, त्यावर कोरी चादर टाकतात. आईनं पुस्तकं, लॅपटॉप, स्पीकर सगळ्यांवर मोराची चादर टाकली आणि पुढ्यात अण्णांची खुर्ची मांडली.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, ‘‘पोरी, सैपाक येतो का?’’

‘‘व्हय, सगळा येतो,’’ ताई म्हणाली.

‘‘आरं चुकलंय! नीट बघ की!’’

सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णा नेमके रुमालानं तोंड पुसत होते.

‘‘मी न्हाय बोललो!’’ अण्णा म्हणाले. अगदी त्याच आवाजात!

मुलाचे वडील सावरून बसले. चहा आला, पिऊन झाला. मग ते म्हणाले, ‘‘आमच्या पोराला सुपारीचंबी व्यसन न्हाय.’’

‘‘आरं चुकलंय! नीट बघ की!’’

मुलाचा चेहरा पडला. ‘‘कधीमधी मावा खातो,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘सोडतो.’’

ताईनं पदर तोंडाला लावला. मी घाबरून चादरीत शिरलो. लॅपटॉप सापडेना, आणि पुस्तकांचा ढिगारा पाहुण्यांच्या पायावर कोसळला.

‘‘ह्यो कोण?’’

‘‘धाकटा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘कॉलेजात हाय.’’

‘‘बरं. कळवतो,’’ म्हणून पाहुणे उठले.

मग फोनच येईना. ताई मला ताटात नुसती भाकरी वाढायची. कालवण मागितलं की म्हणायची, ‘‘पळ.’’

शेवटी परवा फोन आला. अण्णांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

‘‘पोरगी पसंत हाय,’’ मुलाचे वडील म्हणाले. ‘‘आन् तुमी तर लईच पसंत! तोंडावर खरं बोलणारा असा सोयरा कुटं मिळतोय? पोरानं मावा सोडलाय की!’’

ताई आत पळाली. अण्णा मिशीवर ताव देत म्हणाले, ‘‘आमचा सोभावच तसा हाय.’’

‘‘एक इचारू?’’ फोनमधून मुलाचे वडील म्हणाले. ‘‘राग नगा मानू. ते तुमचं धाकटं पोरगं... पाहुण्यांम्होरं चादरीत शिरतंय. शिक्षण झेपत नसंल, तर धाडा आमच्या गॅरेजात. पंक्चर काढायला तरी शिकंल.’’